पार्सल पाहुण्यांना जाऊ देत नाही

पार्सलबद्दलची तिसरी तक्रार ज्या माणसाने नोंदवली, तो तक्रार नोंदवताना पार्सलच्याच घरात बसलेला होता. दुसरीकडे जाऊन बसण्याची त्याला मुभाच नव्हती. सोसायटीचे सेक्रेटरी अजित खोत दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या टाकीसाठी एक सही घ्यायला भूपाल मगदुमांकडे आले होते, आणि साडेचार होत आले तरी ते तिथेच होते. त्यांची एक चप्पल दाराशी होती. दुसरी दिवाणाखाली होती आणि तिच्यावर हनुवटी टेकून पार्सल पडला होता.

“अहो मगदूम, सांगा की त्याला!”

“सांगितलं की. ऐकत न्हाई.” भूपालरावांनी फार खेदाने मान हलवली. “बसा तोवर. पोहे टाकू काय?”

“तीनदा झालं पोहे!”

खोतांनी मग सोफ्यावर बसूनच फोन काढला आणि नगरपालिकेच्या श्वान कक्षाला सगळी हकिगत सांगितली. पलीकडच्या यंत्राने गोड आवाजात विचारलं, की आपण आत्ता सुरक्षित ठिकाणी आहात का. खोतांनी पार्सलकडे पाहिलं. पार्सलने शेपटी हलवली.

तसा हा कुत्रा गुणी होता. तांबूस, बुटका, एक कान उभा आणि एक मोडलेला. भूपालराव एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात जयसिंगपूरच्या स्टँडवर पार्सल खात्यात एका खोक्यातून हे पिल्लू निघालं, आणि खोक्यावर कुणाचंच नाव नसल्यामुळे ते त्यांच्या घरी आलं. येणाऱ्या पाहुण्याचं तो असं स्वागत करायचा, की मंगल कार्यालयाच्या दारात अत्तर लावणाऱ्या यजमानांनीही शिकून घ्यावं. चावणं त्याला ठाऊक नव्हतं. फक्त पाहुणा जायला उठला की त्याचं डोकं फिरायचं. चप्पल पळवायची, विजारीचा काठ धरायचा, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर दारात आडवं पडून गळ्यातून असा आवाज काढायचा, की ओलांडून जायची कुणाची छाती होऊ नये. पाहुणा परत बसला, की पुन्हा गाय. पाण्याच्या फिल्टरचा मेकॅनिक असा एकदा अर्धा दिवस अडकला होता. जनगणनेची बाई तर इतका वेळ अडकली, की तिची मोजणी आता याच घरात करावी लागणार, असं शेजारचे म्हणू लागले.

हे सगळं २०४१ सालचं. कुत्र्यांच्या वर्तणुकीचा कायदा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. एका कुत्र्यावर तीन तक्रारी झाल्या, की मालकाला तीस दिवसांची मुदत मिळायची. तेवढ्यात सवय मोडली आणि तपासनिसासमोर तसं सिद्ध झालं तर ठीक, नाहीतर कुत्रा दुसऱ्या जिल्ह्यातल्या श्वान सुधारगृहात. तिथे गेलेला कुत्रा सुधारायचा म्हणे. फक्त तो परत आलेला कुणी पाहिला नव्हता.

नोटीस आली त्या दिवशी भूपालरावांनी ती चारदा वाचली. मग पार्सलला मांडीवर घेतलं. बायको, रत्नमाला, जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी हैदराबादला. घरात श्वास घेणारं दुसरं होतं ते एवढंच. ते गेलं तर आपलं काय होईल याचा विचार त्यांनी करून पाहिला आणि घाईघाईने अर्धाच सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर शाहीन नदाफ आली. तिशी-बत्तिशीची, जनावरांची डॉक्टर, आणि कुत्र्यांच्या खोडी मोडण्यात पंचक्रोशीत नाव काढलेली. तिने पार्सलच्या गळ्यात एक करडा पट्टा बांधला.

“चुगलीपट्टा,” भूपालराव तोंड वाकडं करून म्हणाले. गावात त्याला हेच नाव पडलं होतं.

“नाव काय बी ठेवा काका, खोटं बोलत न्हाई तो.”

पट्ट्याचं शास्त्र तिने त्यांना समजावलं ते असं. कुत्रा काही शिकतो, तेव्हा त्याच्या मेंदूत एका रसायनाची उसळी येते. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की उसळी, अपेक्षेइतकंच मिळालं की सामसूम, आणि कमी मिळालं की खड्डा. ज्या कृतीनंतर उसळी आली ती कृती कुत्रा पुन्हा करतो, सगळं शिक्षण म्हणजे एवढंच. पूर्वी ही उसळी बघायला डोक्यात तारा घालाव्या लागत. पण मेंदूकडून काळजाकडे जाणारी एक जाड नस मानेतून जाते. तिच्यातल्या बारीक लहरी, नाडी आणि श्वास यांवरून उसळीचा बिनचूक अंदाज बांधता येतो, असं अलीकडे लक्षात आलं होतं. पट्टा तेच करायचा. शिवाय त्यात कॅमेरा होता, कान होता आणि वास ओळखणारी एक चकती होती. प्रत्येक उसळीच्या आधीच्या काही सेकंदांत कुणी काय केलं, ते तो लिहून ठेवायचा. थोडक्यात, कुत्र्याला ही खोड कुणी लावली त्याचं नाव तो सांगायचा.

इथेच सगळी पंचाईत होती. पट्टा बांधायचा कुत्र्याच्या गळ्यात आणि फास बसायचा माणसाच्या. गावातल्या एका वकिलांचा कुत्रा फक्त त्यांच्या मेव्हण्यावर भुंकायचा. पट्ट्याने दाखवलं, की प्रत्येक भुंकण्यानंतर वकीलसाहेब समाधानाने “हूं” करतात. एका घरी कुत्रा नेमक्या सुनेच्याच चपला कुरतडायचा. तिथे सासूबाईंचं बारीक हसणं पकडलं गेलं, आणि हे यंत्र संस्कृतीला घातक असल्याचं त्यांनी महिला मंडळात जाहीर केलं. शहाणी माणसं हल्ली कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवूनच पाहुण्यांशी गोड बोलत.

भूपालरावांना मात्र कसलीच धास्ती नव्हती. “समोरच्या विमलअक्काच त्याला चपाती घालत्यात,” ते ठामपणे म्हणाले. “त्यांचंच नाव येणार बघा.”

आठवडाभर पाहुणे येत राहिले आणि भूपालरावांनी जुन्या सवयीने त्यांची नोंदवही ठेवली. आगमन, नियोजित प्रस्थान, प्रत्यक्ष प्रस्थान, विलंबाचे कारण. शेवटच्या रकान्यात सगळीकडे ‘कुत्रा’ असं वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. शाहीनने वही पाहिली, मग पट्ट्याचा आलेख पडद्यावर लावला आणि जरा घसा खाकरला.

“पाहुणा दोन्ही मांड्यांवर थाप मारून ‘चला’ म्हणतो, तिथं ही पहिली उसळी. म्हणजे सवय मुरलीय. बक्षीस मिळणार, हे त्याला आधीच कळतंय. आणि पाहुणा परत बसला, की चार सेकंदांनी ही दुसरी. हे खरं बक्षीस. कुणी दिलं बघा.”

पडद्यावर एक हात आला. तो पार्सलच्या मोडक्या कानामागे अतिशय प्रेमाने खाजवत होता. हाताच्या मनगटावर एस.टी.च्या निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ होतं.

“हे कुणाचं घड्याळ म्हणायचं?” भूपालरावांनी विचारलं.

“काका.”

“म्या खाजवलंच न्हाई.”

शाहीनने आणखी सहा वेळचे सहा तुकडे दाखवले. सहाही वेळा तेच घड्याळ. एकदा तर तोंडाने ते पुन्हा आलेल्या फिल्टरवाल्याला “काय करणार ओ, ऐकतच न्हाई” म्हणत होते आणि हात खाली कुत्र्याला शाबासकी देत होता. भूपालराव आपल्या उजव्या हाताकडे असे बघत राहिले, की जणू तो बरीच वर्षं परस्पर नोकरी करत होता आणि आज सापडला.

उपाय सोपा वाटला. पुढचे सहा दिवस पाहुणे आले की भूपालराव दोन्ही हात मांडीखाली घालून बसू लागले. चहा देताना तेवढे हात काढायचे आणि लगेच परत. पाहुण्यांना वाटलं, यांना मूळव्याध झाली असावी. पण पार्सलमध्ये फरक पडला नाही. उलट एका चपलेऐवजी तो आता दोन्ही चपला न्यायला लागला.

“हात गेला, तरी बक्षीस चालूच आहे,” शाहीन म्हणाली. “हे बघा, वासाची पट्टी. पाहुणा परत बसतो त्या क्षणी तुमच्या अंगाचा वास बदलतो. माणसाचा जीव भांड्यात पडतो ना, तेव्हा घामातली दोन-तीन द्रव्यं बदलतात. आपल्याला कळत न्हाई, कुत्र्याला दहा फुटांवरनं कळतं. तुम्ही खूश झालात, हेच त्याचं बक्षीस.”

“मग आता?”

“पाहुणा जाताना तुम्हाला बरं वाटलं पाहिजे.”

“वाटतंय असं दाखवू की!”

“नाकाला दाखवता येत न्हाई काका. खरंच वाटाय पाहिजे.”

आता, पाहुणा गेल्यावर खरोखर बरं वाटायचं तर पाहुणा त्या तोडीचा हवा. शाहीनने आणि भूपालरावांनी बसून यादी केली. पहिले आले आलासे. हे एस.टी.तलेच, आणि पित्ताशयाचं ऑपरेशन ते भूल देण्यापासून टाके काढण्यापर्यंत सांगत. मधे कुणी विषय बदलला तर पुन्हा भुलीपासून. दोन तास चाळीस मिनिटांनी आलाशांनी मांडीवर थाप मारली. भूपालरावांच्या डोळ्यांत झोप होती, कानात पित्ताशय होतं, आणि तरीही आलासे उठताच पडद्यावरची भूपालरावांच्या वासाची रेघ धाडकन खाली गेली. पार्सलने चप्पल उचलली, आलासे परत बसले आणि म्हणाले, “तर भूल दिली...”

मग इमारतीतल्या एका कवींना बोलावलं. त्यांनी निवृत्तिवेतनावरचं खंडकाव्य सगळं वाचलं. ते गेल्यावर नियमाप्रमाणे भूपालराव सुटकेच्या आनंदाने न्हाऊन निघायला हवे होते. पण तिथेही खड्डाच.

“असा माणूस म्या बघितला न्हाई,” शाहीन कपाळाला हात लावून म्हणाली. “आता राहिलं कोण?”

राहिले होते खोत. पुन्हा त्या घरात पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी सोसायटीच्या सभेत इतिवृत्तात लिहवून घेतलं होतं. शाहीनने जाऊन त्यांना विनवलं, शास्त्र समजावलं, आणि शेवटी स्पष्टच सांगितलं, की तुमच्या जाण्याने कुणालाही आनंद होईल असा आमचा अंदाज आहे. खोतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बघूच,” ते म्हणाले आणि सोसायटीच्या नियमावलीचं बाड काखेत मारून आले.

कलम एक ते कलम शहाऐंशी त्यांनी पोटकलमांसह वाचलं. वाचता वाचता भूपालरावांना दोषी धरायला ते चौदा वेळा थांबले. मग बाड मिटून ताडकन उठले. “झालं. चाललो मी. झाला आनंद?”

पडद्यावरची रेघ खाली घसरली. आलाशांच्या वेळेपेक्षाही खाली.

खोत पडद्याजवळ गेले. चष्मा काढून, पुसून, त्यांनी पुन्हा पाहिलं. “हे मी उठल्यावरचं?”

“व्हय सर,” शाहीन म्हणाली.

“एवढा खड्डा? माझ्या जाण्याचा?”

खोतांच्या स्वतःच्या घरी, ते बाहेर निघाले की कुणी मान वर करून बघत नसे, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. त्यांनी भूपालरावांकडे पाहिलं, मग दारात आडव्या पडलेल्या कुत्र्याकडे. आणि कुणी काही न म्हणता ते आपणहून परत सोफ्यावर बसले.

“पोहे टाका की,” ते म्हणाले. “थोडं तिखट.”

खोत गेल्यावर शाहीन मागे थांबली. मुदतीचे पाचच दिवस उरले होते. तिने पडदा बंद केला आणि विचारलं, “काका, घराबाहेर शेवटचं कधी पडला होता?”

भूपालरावांना बाहेर पडायची गरजच नव्हती. किराणा बाल्कनीत उडत यायचा, डॉक्टर भिंतीवर दिसायचा, आणि कुत्र्यांना फिरवायला सोसायटीची चाकांची गाडी होती. ती सकाळ-संध्याकाळ येऊन सगळ्यांचे पट्टे आकड्याला लावून न्यायची.

“तीन वर्सं झाली,” ते म्हणाले. “रत्नमालाचं सगळं उरकून घरी आलो, तर दाराला कुलूप. किल्ली माझ्याच खिशात. चौतीस वर्सं नोकरी केली पोरी, कुठल्या बी वेळेला घरी आलो तर दार आतनं उघडायचं. आमच्या घराचं कुलूप कसं निघतंय, ते मला ठाऊकच नव्हतं. उलटी किल्ली घालून पाच मिनटं उभा होतो. तवापास्नं घराला कुलूप घातलं न्हाई. बाहेर गेलोच न्हाई तर परत यायला नको. म्हणून माणसं आली की बरं वाटतंय. आणि ती गेली की दार मलाच लावाय लागतंय.”

शाहीनने पार्सलच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, “कुत्र्याला नुसतं ‘हे करू नको’ शिकवता येत न्हाई काका. त्याच वेळेला करायचं दुसरं काहीतरी द्यायला लागतं. पाहुणा उठला, की तुम्ही पण उठायचं आणि पार्सलला घेऊन त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून यायचं. मग कुणाचं जाणं म्हणजे फिरायला जाणं होईल. त्याला बी आणि तुम्हाला बी.”

“आणि कुलूप?”

“घालायला लागंल.”

“ते सोडून काय बी सांग,” भूपालराव म्हणाले.

तिने दोन दिवस समजावलं. खोतांनीही येऊन समजावलं आणि जेवूनच गेले. भूपालराव कुलूप हातात घ्यायचे, दारापर्यंत जायचे आणि परत येऊन फडताळात ठेवायचे. पार्सल त्यांच्या मागोमाग दारापर्यंत जायचा आणि मागोमाग परत यायचा. सराव म्हणावा असा एकदाही झाला नाही.

तपासणीच्या दिवशी अकरा वाजता तपासनीस हिरेमठ मॅडम आल्या. पन्नाशीच्या, करारी, हातात पाटी. पार्सलने त्यांचं भरघोस स्वागत केलं. त्यांनी ‘आगमन: समाधानकारक’ अशी खूण केली, पाण्याचा पेला नाकारला आणि नियम वाचून दाखवला. तपासनीस उठल्यापासून तीन मिनिटांच्या आत दाराबाहेर पडला पाहिजे. मालकाने कुत्र्याला खाऊ द्यायचा नाही, ओरडायचं नाही, हात लावायचा नाही. नापास झाल्यास गाडी खाली उभी होती.

वीस मिनिटं बसून त्यांनी दोन्ही मांड्यांवर थाप मारली. “चला.”

पार्सल विजेसारखा उठला. मॅडमची सॅंडल त्याच्या तोंडात होती आणि तो दारात आडवा होता.

“वेळ सुरू,” मॅडम म्हणाल्या.

एक मिनिट गेलं. भूपालरावांच्या अंगाला घाम फुटला, आणि त्या घामात कसला वास होता ते पार्सलला बरोबर कळलं. त्याने सॅंडल आणखी घट्ट धरली. दुसरं मिनिट गेलं. खाली गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. पार्सल मालकाकडे बघत होता. हे सगळं आपण तुमच्यासाठीच करतोय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. भूपालरावांना एकदम भडभडून आलं. आपल्याला एकटं वाटू नये म्हणून हा बिचारा गावाशी वैर घेतोय, आणि आपण बसून राहिलो तर याला घेऊन जातील.

ते उठले. फडताळातून कुलूप काढलं, पायात चपला सरकवल्या आणि दार सताड उघडलं. “चला मॅडम,” ते म्हणाले. “कोपऱ्यापर्यंत सोडतो तुम्हाला.”

पार्सलच्या तोंडातून सॅंडल गळून पडली. असं या घरात कधीच झालं नव्हतं. त्याने एकदा मालकाच्या पायांकडे पाहिलं, एकदा उघड्या दाराकडे, आणि मग शेपटीसकट सगळं अंग हलवत तो सगळ्यांच्या आधी बाहेर पडला. मॅडम सॅंडल घालून निघाल्या तेव्हा दोन मिनिटं पन्नास सेकंद झाले होते. भूपालरावांनी कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि मागे न बघता जिना उतरू लागले.

रस्त्यात शाहीनचा फोन आला. “काका, पट्टा बिघडला काय? आलेखात उसळी मावंना झालीय!”

“न्हाई न्हाई, फिरायला आलोय,” भूपालराव धापा टाकत म्हणाले.

कोपरा आला. कोपरा गेला. पिंपळकट्टा, दवाखाना आणि भाजी मंडईही गेली. भूपालराव काही परत फिरेनात, कारण परत फिरायचं म्हणजे कुठे, ते त्यांना ठाऊक होतं. पार्सल तर पाहुणीबरोबर कर्नाटकात जायलाही तयार होता.

“जावा की आता काका,” हिरेमठ मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या.

“जातो की. तुमची बस लागू दे.”

शेवटी स्टँडवर उभ्या उभ्या मॅडमनी दाखल्यावर सही केली. शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं, ‘कुत्रा पाहुण्यास जाऊ देतो. मालकाविषयी खात्री देता येत नाही.’ आणि बस दिसताच त्या जवळजवळ पळतच चढल्या.

परत येताना भूपालराव सावकाश आले. जिना आणखी सावकाश चढले. दारासमोर उभं राहून त्यांनी किल्ली काढली, आणि ती या वेळी सरळ होती. कुलूप निघालं. दार ढकलताच आतून तोच बंद घराचा वास आला आणि त्यांचा पाय उंबऱ्यापाशी अडला.

पार्सल मात्र त्यांच्या पायांमधून सुसाट आत गेला. सोफ्यापर्यंत गेला, गर्रकन वळला, आणि दिवसभर घरात वाटच बघत बसलेल्या माणसासारखा धावत दाराशी आला. मागच्या दोन पायांवर उभा राहिला, दोन्ही पंजे त्यांच्या गुडघ्यांवर टेकवले आणि स्वागताला सुरुवात केली.

भूपालराव उंबऱ्याबाहेरच उभे होते. डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं.

“आलो रे,” ते म्हणाले, “आलो,” आणि आत गेले.